तरुण गिटारसाठी गेले नाहीत

पत्राचा सारांश: नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सेवा करणाऱ्या पाळकांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं, हे पत्र आहे. वय ३७, घरी पत्नी आणि दोन मुलं. या मंडळीत (चर्चच्या सभासदांच्या समुदायात) बदलून येऊन चौदा महिने झाले. मिशनच्या काळातलं दगडी चर्च, यादीवर ९६ कुटुंबं, पण रविवारच्या उपासनेला जेमतेम साठ माणसं. वर्षभरात २२ तरुण गावातल्या एका नव्या स्वतंत्र मंडळीत जाऊ लागले. तिथे भाड्याचा हॉल, गिटार, ड्रम आणि पडद्यावर गाण्यांचे शब्द. गेलेल्यांत सहा वर्षं संडेस्कूल सांभाळणारी एक मुलगीही आहे. इकडे गाण्यांना हात लावायचा म्हटलं की ज्येष्ठ सभासद चिडतात. अमेरिकेत स्थायिक झालेले एक जुने सभासद नव्या हॉलसाठी १५ लाख रुपये द्यायला तयार आहेत, पण आपल्या पुतण्याला कमिटीचा सेक्रेटरी करावं असं त्यांनी सुचवलं आहे. पत्राच्या अगदी शेवटी एक वाक्य आहे: 'बायको म्हणते, आपल्याला घरच उरलं नाही.' पाळक विचारतात, तरुणांसाठी वेगळी उपासना सुरू करू, हॉल बांधू, की बिशपांकडे बदली मागू? मंडळी वाढवायची कशी?

प्रिय बंधू,

जय ख्रिस्त.

तुमच्या पत्रात आकडे बरेच आहेत. ९६, साठ, २२, १५ लाख. माणूस मात्र मला एकच दिसलं, ती संडेस्कूल घेणारी मुलगी. आणि तिच्याबद्दलही तुम्ही 'तीही गेली' एवढंच लिहिलंय. ती का गेली, हे तुम्ही तिला विचारलंत का? मला वाटतं, नाही विचारलं. बावीसपैकी एकालाही विचारलं नसावं, कारण विचारलं असतं तर त्यांच्या तोंडचं एखादं वाक्य या चार पानांत कुठेतरी आलं असतं. 'ते गिटारमुळे गेले' हे तुमचं म्हणणं आहे, किंवा कमिटीत कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना पटलं.

हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. हीच चूक मी केलेली आहे. तेहेतीस वर्षांत मी पाच मंडळ्या सांभाळल्या. तिसऱ्या मंडळीतून दोन वर्षांत पंधरा-सोळा तरुण गेले, तेव्हा मीही वाद्यांचाच विचार केला. कमिटीला पटवून कीबोर्ड आणवला. तो वाजवणारं कोणी नव्हतं म्हणून वर्षभर कापडाखाली झाकून ठेवला. पुढे, मंडळी सोडून गेलेल्या एका मुलाचे वडील वारले आणि मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. त्याच्या आईने पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि शांतपणे म्हणाली, 'पाळकसाहेब, हे अकरा दिवस दवाखान्यात होते. आपल्यातलं कोणी आलं नाही. त्या दुसऱ्या मंडळीतला एक रिक्षावाला तिसऱ्या दिवसापासून रोज डबा आणायचा. आमची त्याची ओळखसुद्धा नव्हती.' मी म्हणालो, मला कळलंच नाही. ती म्हणाली, 'सेक्रेटरींना निरोप दिला होता.' सेक्रेटरी विसरले होते हे खरं. पण त्या अकरा दिवसांत दोन रविवार आले होते आणि ते कुटुंब बाकावर नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तो मुलगा तिकडे टाळ्या वाजवून गातो, हे मला आधीपासून माहीत होतं. डब्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी कोणाला विचारलंच नव्हतं.

म्हणून, बंधू, उपासना बदलायची की नाही हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. आधी त्या बावीस घरी जा. एकटे जाऊ नका, आणि कमिटीची माणसंही नेऊ नका. ज्याला कोणी घाबरत नाही असा एखादा सभासद बरोबर घ्या, मुलींच्या घरी जाताना पत्नीला किंवा मंडळीतल्या एखाद्या मावशींना घ्या. 'परत या' असं म्हणू नका. हे पाळायला फार कठीण जातं, पण पाळा. परत बोलवायला आलाय असं वाटलं की माणूस सभ्यपणे खोटं बोलतो. म्हणतो, 'वेळ जमत नाही', 'तिकडचं टायमिंग बरं पडतं'. तुम्ही फक्त म्हणा, 'तुम्ही आमच्यात इतकी वर्षं होता. आमच्याकडून काय राहिलं, ते ऐकायला आलोय.' मग गप्प बसा. ऐकताना आपली बाजू मांडायची ओढ लागते, तेव्हा चहाचा कप हातात धरा. निघताना त्यांच्यासाठी आणि ते जातात त्या मंडळीसाठीही प्रार्थना करा.

काही जण खरंच गाण्यांसाठी गेलेले असतील, आणि ते ऐकायची तयारीही ठेवा. पण बावीसपैकी बावीस जण त्याच एका कारणासाठी गेले, असं मला माझ्या अनुभवावरून वाटत नाही.

त्यानंतर राहिलेली घरं. पुण्यात सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या प्रशिक्षणाच्या संस्थेत, असताना आम्हाला रिचर्ड बॅक्स्टर यांच्याबद्दल शिकवलं होतं. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर या विणकरांच्या गावात ते पाळक होते. त्यांच्याकडे आठशेच्या वर कुटुंबं होती. ते आणि त्यांचे सहायक दर सोमवारी आणि मंगळवारी सकाळपासून जवळजवळ रात्रीपर्यंत एकेका कुटुंबाशी बोलत. आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबं, म्हणजे वर्षात सगळ्यांशी एकदा बोलणं व्हायचं. त्यांच्या काळात चर्चमध्ये माणसं मावेनात म्हणून पाच सज्जे नव्याने बांधावे लागले. विद्यार्थी असताना मला त्या पाच सज्ज्यांचं कौतुक वाटायचं. आता सोमवार-मंगळवारचं वाटतं.

तुमची ९६ कुटुंबं आहेत. आठवड्याला चार घरं धरली तर चोवीस आठवड्यांत सगळी होतात. यादी मात्र शेवटून सुरू करा. पाळक आधी कोणाच्या घरी गेले हे तालुक्याच्या गावात दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत असतं. शिक्षक कॉलनीतल्या बंगल्यापासून सुरुवात केलीत तर वस्तीवरची माणसं समजायचं ते समजून घेतात. एकट्या राहणाऱ्या विधवा, ज्यांचा मुलगा दारू पितो ती घरं, ज्यांची वर्गणी थकलीय म्हणून जी माणसं चर्चला यायला लाजतात ती, अशांकडे आधी जा. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीनंतर गावात नसतात, त्यांची भेट ते परतल्यावरच्या महिन्यांत ठेवा. एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्यांना फोन करून वेळ विचारा. रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला उठवून केलेली प्रार्थना त्याला आवडत नाही, तो तसं बोलत नाही एवढंच.

भेट अर्ध्या-पाऊण तासाची असावी. घरातल्या प्रत्येकाचं नाव विचारा, लहान मुलांचंही. एक छोटा उतारा वाचा आणि ती नावं घेऊन प्रार्थना करा. दान, वर्गणी, गैरहजेरी यातलं काही काढू नका. बाहेर पडल्यावर रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून एका वहीत चार ओळी लिहा: कोण आजारी, कोणाची बारावी, कोणाचं लग्न मोडलं, कोणाला नोकरी नाही. ही वही कुलपात ठेवायची. तिच्यातलं एक अक्षर उपदेशात दाखला म्हणून येऊ द्यायचं नाही, नाव बदलूनसुद्धा नाही. तुमच्या मंडळीत ९६ कुटुंबं आहेत, तिथे नाव बदललं तरी माणूस ओळखू येतो.

आता तुम्ही म्हणाल, आधीच घर उरलं नाही, त्यात हे आणखी कुठून करू?

बरोबर आहे तुमचं. म्हणून ते शेवटचं वाक्य इथे घेतो. तुम्ही ते पत्राच्या तळाशी, सही करण्याआधी, जवळजवळ माफी मागितल्यासारखं लिहिलंय. माझ्या मते ते या पत्रातलं सगळ्यात गंभीर वाक्य आहे. बायबलमधला एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून 'आता पुरे, माझा प्राण घे' असं म्हणाला, तो प्रसंग तुम्ही अनेकदा सांगितला असेल. देवाने त्याला तेव्हा उपदेश केला नाही. झोपू दिलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. होरेब डोंगराकडे पाठवलं ते त्याच्यानंतर. मी हा उतारा मंडळीला कितीतरी वेळा वाचून दाखवला, पण स्वतः त्याप्रमाणे वागायला मला पन्नाशी गाठावी लागली, आणि तोवर माझी थोरली मुलगी हॉस्टेलला निघून गेली होती. ती वर्षं परत आली नाहीत.

आठवड्यातला एक पूर्ण दिवस सुट्टी घ्या. कमिटीत ठराव करून घ्या आणि उपासनेत जाहीर करा. सोमवार बहुतेकांना सोयीचा पडतो. त्या दिवशी फोन एका ज्येष्ठ सभासदाकडे असेल. मृत्यू किंवा अपघात असेल तरच ते तुम्हाला कळवतील. पहिले दोन महिने लोक नाराज होतील, मग सवय होते. संध्याकाळची भेट असेल तर त्याच दिवशी दुपारी मुलांना शाळेतून तुम्ही आणा. आणि बायकोला मंडळीतली बिनपगारी कर्मचारी समजू नका. भगिनी मंडळ, संडेस्कूल, नाताळचं नाटक, पाहुण्यांचा स्वयंपाक, यातलं काय करायला तिला खरंच आवडतं हे तिला एकदा शांतपणे विचारा. उरलेलं तिच्याकडून काढून घ्या, आणि कमिटीला ते तुम्ही सांगा. तिला सांगायला लावू नका. 'पाळकांची मुलं असून असं वागतात' हे वाक्य तुमच्या मुलांना मंडळीत कोणी बोललं तर तिथल्या तिथे, हसत पण स्पष्ट, थांबवा. मुलं ते विसरत नाहीत.

एवढं केल्यावर काम उरतंच. ते वाटायला हवं.

निर्गमच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्याय करत बसलेला बघतो आणि सांगतो की हे बरं नाही, तूही झिजशील आणि हे लोकही. हे सगळ्या पाळकांना पाठ असतं. पण मला तुमच्यासाठी प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय जास्त उपयोगाचा वाटतो. यरुशलेमच्या मंडळीत तक्रार आली की रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. मंडळीने सात जण निवडले. त्या सातांची नावं एकदा नीट बघा: स्तेफन, फिलिप्प आणि पुढची पाच. सगळी नावं ग्रीक आहेत. तक्रार ज्या बाजूची होती, बहुधा त्याच बाजूच्या लोकांच्या हातात वाटपाची जबाबदारी दिली गेली. 'आम्ही लक्ष घालू' असं म्हणून प्रेषितांनी कारभार आपल्याकडे ठेवला नाही. त्या अध्यायात पुढच्याच ओळींत लिहिलंय की शिष्यांची संख्या फार वाढत गेली.

आपल्याकडे उलटं होतं. जो तक्रार करतो तो 'फूट पाडणारा', आणि कमिटीत वर्षानुवर्षं तीच नावं. तुमच्या मंडळीत सगळ्यात जास्त कुरकुर कोण करतं? त्या माणसाला बोलवा आणि काम द्या, खरं काम, ज्यात निर्णय त्याचा असेल. चटया उचलणं आणि माईक लावणं ही कामं तरुणांना दिली आणि त्यांना 'सहभागी करून घेतलं' असं आपण म्हणतो. पंचवीस वर्षांचा मुलगा बँकेत लोकांची कर्जं मंजूर करत असतो आणि चर्चमध्ये आपण त्याच्यावर शंभर खुर्च्या मोजायच्या कामापलीकडे विश्वास टाकत नाही. त्याला हिशेब तपासायला द्या.

कुटुंबांचे भाग पाडा. ९६ म्हणजे बारा-बारा घरांचे आठ गट, शक्यतो राहण्याच्या जागेप्रमाणे. प्रत्येक गटाला एक माणूस किंवा एक जोडपं. त्यांनी उपदेश करायचा नाही, घरोघरी सभा घ्यायच्या नाहीत. कोण आजारी, कोणाकडे अडचण, कोण दोन रविवार दिसलं नाही, एवढं बघायचं, फोन करायचा आणि तुम्हाला कळवायचं. महिन्यातून एकदा या आठ जणांनी तुमच्याबरोबर चहाला बसायचं. यात निम्म्या तरी स्त्रिया हव्यात. गावातल्या बाया घरात काय चाललंय ते पाळकाला सांगत नाहीत, एकमेकींना सांगतात, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. मिशनच्या काळात बायबल स्त्रिया, म्हणजे बायबल सांगत फिरणाऱ्या बाया, पायी गावोगाव, घरोघर जात होत्या. त्या परंपरेच्या मंडळीत आज कमिटीवर एकच बाई असते आणि तिलाही चहाचं बघायला सांगतात. हे मला मनापासून टोचतं, म्हणून लिहिलं.

दवाखान्यात अकरा दिवस असलेला माणूस या आठ जणांच्या नजरेतून सुटला नसता.

आता गाणी. तुमचे ज्येष्ठ चिडतात, त्यांना 'जुन्या विचारांचे' म्हणून सोडून देऊ नका. त्यांचं म्हणणं ऐकण्याआधी एक गोष्ट आठवा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. त्या काळी आपल्या उपासनेतली पुष्कळ गीतं इंग्रजीवरून केलेली आणि विलायती चालींवर बसवलेली असत. टिळकांनी अभंग, ओवी, भजन ही मराठी माणसाच्या कानात मुरलेली रूपं घेतली आणि त्यांत ख्रिस्ताविषयी शेकडो गीतं लिहिली. राहुरी आणि नगर, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यात, त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षं गेली. १९१९ साली ते वारले. आज तुमचे आजोबा-आज्या ज्यांना 'आपली जुनी गाणी' म्हणतात, त्यांतली कितीतरी एके काळी नवीन होती. चर्चमध्ये पेटी आणि तबला ही तेव्हाची नवी गोष्ट होती.

ही गोष्ट तुम्ही उपदेशात सांगू नका, ज्येष्ठांना वाटेल त्यांना टोला मारलाय. त्यांनाच सांगू द्या. तुमच्या मंडळीत ऐंशीच्या घरातलं कोणीतरी असेल ज्याला दहा-बारा गीतं चालीसकट पाठ आहेत, आणि वडिलांबरोबर कीर्तनाला गेल्याच्या आठवणी आहेत. एका शनिवारी संध्याकाळी चर्चच्या आवारात भजनाची बैठक ठेवा. आजोबांनी चाल सांगायची, तरुणांनी ती गिटारवर किंवा कशावरही बसवायची. उपासनेचा क्रम तसाच ठेवा. एक रविवार जमलं तर त्या बैठकीतलं एक गीत उपासनेत घ्या, आजोबांना पुढे बसवून.

आणि तुमच्या ज्येष्ठांचा राग हा नेहमी गाण्यांचा राग नसतो. ज्यांनी चर्चच्या छपरासाठी पगारातून कापून पैसे दिले, ज्यांची आई मागच्या दफनभूमीत आहे, त्यांना बदल म्हटलं की आपल्याला आता बाजूला काढणार अशी भीती वाटते. ती भीती बैठकीत बोलून जात नाही. तुम्ही गटबैठकीत विषय काढला असावा, म्हणून सगळे एकमेकांच्या आधाराने चिडले. एकेकाच्या घरी जा. चर्चच्या भिंतीवरच्या पाटीवर कोणाकोणाची नावं आहेत ते विचारा. दोन तास लागतील, लागू द्या.

वेगळी उपासना सध्या नको असं माझं स्पष्ट मत आहे. साठ माणसं दोन ठिकाणी वाटलीत तर एकीकडे पस्तीस म्हातारे आणि दुसरीकडे पंचवीस पोरं, आणि मध्ये दोन उपदेश तयार करणारे थकलेले तुम्ही. पुढे कधी एका वेळेला चर्चमध्ये जागाच उरली नाही, तर तेव्हा बघा. नातू आणि आजी एकाच बाकावर बसतात, ही आपल्या मंडळीची मोठी ताकद आहे. ती आपण होऊन तोडू नये.

१५ लाखांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे.

अट घातलेलं दान हे दान नाही. ते गृहस्थ भले असतील, त्यांचा पुतण्याही चांगला कारभारी असेल. असेल तर तो निवडणुकीला उभा राहील आणि मंडळी त्याला निवडेल. सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगल्या जागी बसवून गरिबाला खाली बसवण्याबद्दल याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात काय लिहिलंय ते तुम्हाला सांगायला नको. पण हे उत्तर तुम्ही एकट्याने फोनवर देऊ नका. कमिटीत विषय ठेवा, चर्चा इतिवृत्तात येऊ द्या आणि सेक्रेटरींच्या सहीने आभाराचं पत्र जाऊ द्या: मंडळी कृतज्ञ आहे, पदं मात्र निवडणुकीने भरली जातात.

पैसे घ्यायचे ठरले तरी आधी दोन गोष्टी तपासा. पहिली, त्यांचं नागरिकत्व. ते अजून भारतीय नागरिक असतील आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असतील तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असलं तरीही, ती परदेशी देणगी ठरते. मग २०१० च्या परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ती घेता येत नाही, आणि नोंदणी असलेल्या संस्थेलाही ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच स्वीकारावी लागते. 'पुतण्याच्या खात्यातून फिरवू' असं कोणी सुचवलं तर तिथेच नाही म्हणा. दुसरी गोष्ट, चर्चची जागा कोणाच्या नावावर आहे. मिशनच्या बहुतेक जागा स्थानिक मंडळीच्या नावावर नसतात, वरच्या ट्रस्टच्या नावावर असतात. त्यांच्या लेखी परवानगीशिवाय एक वीटही रचू नका. कोर्टकचेऱ्यांत अडकलेल्या मंडळ्या मी पाहिल्यात. तिथे उपासना चालते, पण माणसं एकमेकांकडे बघत नाहीत.

आणि मुळात हॉल हवाय का? तुमच्या चर्चमध्ये किती माणसं बसतात हे तुम्ही लिहिलं नाही, पण त्या काळच्या दगडी चर्चमध्ये साठ माणसं विखरून बसलेली दिसत असणार. त्या गृहस्थांना खरंच द्यायचं असेल आणि कायद्याने घेता येत असेल, तर गळकं छप्पर, मुलींसाठी स्वच्छ संडास, मुलांची फी अशी कामं सांगा. नावाची पाटी नसेल हेही सांगा. त्यावर ते काय म्हणतात ते ऐका, म्हणजे दान कशासाठी होतं ते कळेल.

पैशाचा विषय निघालाच आहे तर: रविवारचं अर्पण कधीही एकट्याने मोजू नका, घरी नेऊ नका. दोघांनी मोजायचं, दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत. महिन्याचा जमाखर्च दारावर लावायचा, रुपया-पैशासकट. पाळकावर शंका घेतली जाते तेव्हा त्याला वाचवणारी गोष्ट त्याचा स्वभाव नसते, तो कागद असतो.

त्या नव्या मंडळीच्या पाळकांना भेटलात का? त्यांच्याविरुद्ध व्यासपीठावरून अजून बोलला नसाल तर उत्तम. बोलला असाल तर जाऊन तसं सांगा. चहा प्या. त्यांच्या आजारी माणसांसाठी प्रार्थना करा, तुमच्यासाठी त्यांना करू द्या. पाळकाला स्वतःच्या मंडळीत मित्र मिळणं अवघड असतं, बाहेर मिळू शकतो. दुसऱ्याच्या कळपातली मेंढरं इकडे आली की आपल्याला वाटतं मंडळी वाढली. तालुक्यात विश्वास ठेवणारी माणसं तेवढीच असतात, फक्त बाक बदललेले. पौलाने करिंथकरांना लिहिलं की मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवणारा मात्र देव आहे. पाणी घालणाऱ्याला रोज मोजपट्टी घेऊन रोपाजवळ उभं राहायची गरज पडत नाही. तुम्ही दर रविवारी माणसं मोजताय असं पत्रावरून वाटतं. सहा महिने मोजू नका. ती जबाबदारी दुसऱ्या कोणाला द्या, आणि आकडा तुम्हाला वर्षाच्या शेवटी सांगायला सांगा.

बदलीबद्दल. चौदा महिन्यांत मंडळी पाळकाला ओळखत नाही, पाळक मंडळीला तर नाहीच. आत्ता गेलात तर पुढच्या मंडळीत हेच २२ तरुण वेगळ्या नावांनी भेटतील. पण एक सांगतो: घरी पत्नीची तब्येत, तिचं मन खरोखरच ढासळत असेल, सुट्टीचा दिवस आणि वाटून घेतलेलं काम यांनी चार-सहा महिन्यांत फरक पडला नाही, तर लाज न बाळगता बिशपांना भेटा आणि खरं कारण सांगा. त्याआधी एखाद्या चांगल्या डॉक्टरकडे दोघांनी जा. प्रार्थना करणाऱ्या माणसालाही झोप येण्यासाठी औषध लागू शकतं.

कापणीच्या सणाला अजून वेळ आहे. त्याच्याआधी तुम्ही आठवड्याला चार घरं सुरू करू शकता. पहिलं घर त्या मुलीचं असू द्या, संडेस्कूलवाल्या. सहा वर्षं दर रविवारी सकाळी लवकर येऊन तिने मुलांना वचनं पाठ करून घेतली, आणि ती गेली तेव्हा मंडळीने तिला निरोप दिला नाही, आभार मानले नाहीत. पत्नीला बरोबर न्या, त्या दोघी एकाच वयाच्या आसपास असतील. जाताना तिने शिकवलेल्या मुलांना विचारून जा की ताईंना काय सांगू. मुलं जे सांगतील ते एका कागदावर लिहून तिच्या हातात द्या. ती परत येईल का, हा विषय काढू नका. आणि आधी तिच्या आईला फोन करा. न सांगता पाळक दारात आले की घरात काहीतरी वाईट झालंय असं आपल्याकडे वाटतं.

तुमचा,
एक निवृत्त पाळक